गाडी थांबाडा, भाऊ

रज्जाकभाई,

परवा पारोळ्याला लवकर पोचलो. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी ज्याच्या शेतात उतरवायची होती, तो शेतकरी अजून घरून निघालाही नव्हता. फोन केला तर म्हणाला, "आज एवढ्या लवकर कसे काय, सुभाषभाऊ?" मी बांधावर बसून राहिलो. इतकी वर्षं तुमच्या नावाने बोटं मोडली, की या माणसामुळे मला कुठेही वेळेवर जाता येत नाही. आता वेळच वेळ होता आणि त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. पिकअपमधली डावीकडची सीट रिकामी होती. जळगाव सोडल्यापासून एकदाही कोणी म्हणालं नव्हतं, "गाडी थांबाडा, भाऊ."

हे शब्द मला पाठ झाले होते. तुम्ही घरात तुमची भाषा बोलायचात, बाजारात अहिराणी, आणि माझ्याशी जी तोंडात येईल ती. पण रस्त्यात दगड दिसला की मात्र हेच. मी ब्रेक लावायचो, तोंडाने कुरकुरत. तुम्ही गुडघ्याला हात देत खाली उतरायचात, रस्त्यातला दगड उचलून पार कडेच्या चारीपलीकडे नेऊन ठेवायचात, हात झटकायचात आणि परत येऊन जणू चहाला थांबलो होतो अशा आवाजात म्हणायचात, "चला."

लोकांना तुम्ही आठवाल ते बाजारातले. चाळण्या, विळे, अडकित्ते आणि कुलपं विकणारे रज्जाकभाई, मूळचे बोदवडचे. रोज कुठल्या ना कुठल्या गावचा बाजार. जवळचा असला की तुमची ती खोकणारी मोपेड, आणि ट्रंका जड असल्या की माझी पिकअप. आपल्या दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि दोघांचंही पोट एरंडोल-पारोळा-धुळे या रस्त्यावर. त्यामुळे तुम्ही माझ्या शेजारी बसणार हे ठरलेलंच होतं. तुम्ही माझी गाडी चालवणार, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. कारण स्टेअरिंग माझ्या हातात असलं तरी गाडी कुठे थांबायची ते तुम्हीच ठरवायचात.

आपल्याकडे ट्रक बंद पडला की ड्रायव्हर पहिलं काम करतो ते दगड मांडायचं. एक मोठा धोंडा चाकामागे, आणि बाकीचे ट्रकच्या मागे रांगेत, म्हणजे येणाऱ्याला लांबून कळावं. एखादी बाभळीची फांदीही टाकतो. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं. मग मिस्त्री येतो, इंजिन सुरू होतं, आणि इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात ड्रायव्हर तसाच निघून जातो. ट्रक नागपूरला पोचतो आणि दगड आपल्या रस्त्यात पहारा देत बसतात.

माझा धाकटा भाऊ अनिल अशाच दगडांवर मोटरसायकलवरून पडला. तुम्हाला हे ठाऊक होतं, तरी सांगतो, कारण आपल्या सगळ्या भांडणांचं मूळ तिथे आहे. अंधार पडत होता, पारोळ्याच्या अलीकडे. ट्रक केव्हाच निघून गेलेला. अनिल आजही काठी टेकत चालतो. त्याला कोणी धडक दिली नाही. कोणाचा नंबर घ्यायला नव्हता, कोणाच्या दारात जाऊन शिव्या द्यायची सोय नव्हती. ज्याने ते दगड ठेवले त्याला आजही माहीत नसेल की त्याने काय केलं. तो चांगला माणूसही असेल. या विचाराने मला जास्तच राग यायचा.

म्हणूनच तुम्ही दगड उचलायला उतरलात की माझं डोकं फिरायचं. "ज्याने ठेवला त्याने उचलावा," मी म्हणायचो. "आपण दुसऱ्यांचं निस्तरत बसलो तर त्यांना अक्कल कधी येणार?"

एकदा तुम्ही खिशातला रुमाल काढून हात पुसत म्हणालात, "येईल ना, अक्कल येईल. ती येईपर्यंत कोणी पडायचं, तेवढं सांगा. नाव सांगा."

मी नाव कुठून सांगणार? गाडी सुरू केली. पण पटलं होतं असं समजू नका.

एका भांडणात मात्र मी जिंकलो होतो, आणि ते तुम्ही कबूल केलं होतं. हायवे चारपदरी झाला तेव्हाची गोष्ट. गाड्या अशा सुटायच्या की कडेचं गवत आडवं व्हायचं, आणि तुम्ही आपले जुन्या सवयीने रस्त्याच्या मधोमध वाकलेले. मी त्या दिवशी खरंच ओरडलो. म्हटलं, दगडावर कोणी पडेल तेव्हा पडेल, आज तुमच्यावर गाडी गेली तर तिच्यातलेही मरतील, आणि शमीमभाभींना मी काय तोंड दाखवू? तुम्ही रस्त्याच्या कडेला येऊन हात झटकलेत. मग म्हणालात, "ये बात सही है, भाऊ." तेव्हापासून नियम झाला. गाडी पूर्ण खाली उतरवायची, चारही इंडिकेटर लावायचे, मी मागे जाऊन लाल कापड हलवायचं, रस्ता मोकळा दिसला तरच तुम्ही पुढे व्हायचं, आणि मी नाही म्हटलं तर नाही. भाभींच्या जुन्या लाल ओढणीचा तो तुकडा आजही माझ्या डॅशबोर्डमध्ये आहे. म्हणजे बघा, मी तुमच्या विरोधात भांडायला गेलो आणि माझी नेमणूक तुमच्या खात्यात झाली.

तुम्ही हे का करता असं मी एकदा चिडवून विचारलं होतं. वाटलं, काहीतरी मोठं सांगाल. तुम्ही म्हणालात, "अम्मीची सवय. बोदवडला गल्लीत काटा दिसला तरी ती उचलायची. आमच्यात हा सदकाच मानतात, दानच म्हणा, वाटेतली तकलीफ बाजूला करणं. पैशाचा सदका आम्हाला कुठे परवडणार, म्हणून हा." आणि स्वतःच हसलात. नंतर त्यावर तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्या अक्का आठवतात? पारोळ्याजवळ सर्व्हिस रोडवर मका वाळत घालणाऱ्या. अर्धा रस्ता पिवळाधमक आणि भोवती दगडांचं कुंपण. मका गोळा करून घरी जाताना दगड नेमके तिथेच राहायचे. तुम्ही उतरलात आणि थेट त्यांच्यासमोर उकिडवे बसलात.

"अक्का, ह्या दगड काढी टाका. दिन बुडावर कोनले दिसतीन?"

अक्कांनी झाडू थांबवला नाही. "मंग मका वाळाडू कोठे? तुना डोकावर?"

तुम्ही टोपी काढलीत. "वाळाडा ना. एक केस नही शे. घडीभरमा वाळी जाई."

अक्का हसल्या, पण दगड हलवायला तयार होईनात. दगड नसले की गाड्या मक्यावरून जातात, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. मग तुम्ही माझ्या गाडीकडे बघायला लागलात. मला लगेच कळलं की आता माझ्या मालावर संक्रांत येणार. माझ्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडे असतात, शेतातून बदलून आणलेले. ते तुम्ही उतरवलेत, त्यांना गोणीच्या पांढऱ्या चिंध्या बांधल्यात आणि मक्याभोवती गोल टाकून दिलेत. लांबून दिसतं, आणि चाक गेलं तरी कोणी पडत नाही. पुढच्या खेपेला बघतो तर शेजारच्या दोघा-तिघांनीही तसंच केलेलं. तुम्ही इतके खूश झालात की त्या दिवशी अक्कांना चाळणी फुकट दिलीत.

पण मला ते पटलं नव्हतं, आणि हेच आपलं अर्धवट राहिलेलं भांडण. मी म्हटलं, "रज्जाकभाई, तुम्ही चूक थांबवत नाही, चूक मऊ करता. रस्ता काय मका वाळवायला केलाय? आज कडेला आहे, उद्या सबंध रस्त्याचं खळं होईल." तुम्ही म्हणालात, "त्यांची खळी गेली कुठे? रस्त्यातच गेली ना? आधी खळं द्या, मग रस्ता मागा." मी म्हटलं, हे सरकारला सांगा. तुम्ही म्हटलंत, सांगू की, पण सरकार येईपर्यंत मका ओला राहील आणि दगड तिथेच राहतील. मला याच्यावर एक पक्कं उत्तर सुचलं होतं. तोपर्यंत धुळं आलं. तुम्ही ट्रंक उतरवताना म्हणालात, "परतताना बोलू." परतताना तुम्ही झोपलात, तोंड उघडं टाकून, आणि मी उठवलं नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. घरातच, पहाटेच्या नमाजनंतर, भिंतीला टेकून बसल्या जागी. आयुष्यभर रस्त्यावर फिरलेला माणूस रस्त्यावर गेला नाही, याचं मला त्या दिवशी रडता रडताही बरं वाटलं. ते पक्कं उत्तर अजून माझ्याकडेच आहे. मी अजूनही म्हणतो की तुमचं चुकत होतं. थोडंसं.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो. ते वैशूबद्दल आहे.

माझ्या मुलीला एरंडोलच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी नको म्हटलं होतं. तिला एसटीची वेळ जमत नव्हती, स्कुटीनेच जावं लागणार होतं, आणि तो रस्ता माझ्या डोळ्यांपुढे होता. अनिलचा पाय डोळ्यांपुढे होता. वैशू दोन दिवस जेवली नाही. तुम्ही संध्याकाळी ओट्यावर आलात, अनिलही बसला होता. तुम्ही मला समजावलं नाहीत, धीर दिला नाहीत. एवढंच म्हणालात, "ज्याने दगड ठेवला तो मोकळा फिरतोय. आणि घरात वैशूला बसवताय?"

मी अनिलकडे बघितलं. त्याने काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाला, "जाऊ दे दादा तिला. हेल्मेट मी आणतो."

वैशू गेली. रोज जाते. सुरुवातीला ती निघाली की मी फोन हातात धरून बसायचो. तिने पोचल्याचं कळवलं की मग आंघोळीला जायचो. हळूहळू ते कमी झालं. माणूस कशालाही सरावतो असं मला वाटलं. पण तुमची मय्यत झाल्यावर वैशू मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहितीये? चाचा माझ्या आधी निघायचे. मोपेडवर असले की पाळधीच्या पुढे मला कुठेतरी दिसायचेच. मोपेड खाली लावलेली आणि हे कडेला, हातात दगड. मला बघून हात करायचे, जा जा म्हणून."

मला सगळं एकदम लक्षात आल्यासारखं वाटलं. म्हणजे तुम्ही माझ्या पोरीला रस्त्यावर पाठवायला लावलंत, आणि मग रोज तिच्यापुढे जाऊन तो रस्ता झाडत राहिलात. मला न सांगता. मी त्या रात्री बायकोलाही हे सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शमीमभाभींना भेटायला गेलो. तिथेच बोलून टाकलं. म्हटलं, भाभी, रज्जाकभाई माझ्या वैशूसाठी रोज लवकर निघायचे, हे तुम्ही तरी मला सांगायचं होतं.

भाभींनी डोळ्यांना लावलेला पदर काढला. माझ्याकडे बघितलं. आणि रज्जाकभाई, त्या दुःखातही त्यांना हसू आलं. "अरे नहीं, सुभाषभाई. इनको तो बाजार में लिंब के नीचेवाली जगह पकडनी रहती थी. देर हुई तो धूप में बैठना पडता ना. शादी हुई तब से ऐसेच जल्दी निकलते थे. तब आपकी वैशू पैदा भी नहीं हुई थी."

खरं सांगतो, क्षणभर मला वाईट वाटलं. एवढी मोठी गोष्ट मिळाली होती आणि भाभींनी ती कडुलिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली. चहा पिऊन घरी आलो तरी मनात तेच. मग संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना वैशू शाळेतून आली, स्कुटी लावली, हेल्मेट हँडलला अडकवलं, चपला काढल्या आणि "आई, भूक लागलीये" म्हणत आत गेली. तिच्या मागोमाग समोरच्या गल्लीतला एक कोणीतरी मोटरसायकलवर आला, मागे बायको, पुढे टाकीवर लहान पोरगी, पायाशी भाजीची पिशवी. त्याचं नावही मला माहीत नाही. तोही त्याच रस्त्याने आला असणार.

तेव्हा कळलं. तुम्ही वैशूसाठी काही केलं नाहीत. तुम्ही तिच्यासाठी केलं असतंत, तर उद्या तिची बदली झाली की थांबला असतात. तुम्ही ज्यांची नावं मला विचारायचात, ज्यांची नावं तुम्हालाही माहीत नव्हती, त्या सगळ्यांसाठी ते होतं, आणि माझी मुलगी त्यांच्यात येत होती. मला याहून जास्त काय हवं होतं? आपल्या माणसांसाठी कोणीही करतं. मीही करतो. वैशूच्या स्कुटीचे टायर मी दर आठवड्याला तपासतो, पण शेजारच्याचे नाही तपासत.

एक अडचण मात्र झाली आहे. अनिल पडला तो रस्ता मला दाखवता येतो. हात करून सांगता येतं, इथे. पण जे कोणी पडले नाहीत, ते कुठे पडले नाहीत हे मी कसं दाखवू? तुम्ही उचललेल्या कुठल्या दगडाने कोणाचं घर वाचलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यांनाही माहीत नाही. म्हणून तुमचे आभार मानायला कोणी आलं नाही आणि येणारही नाही. त्यांच्या सगळ्यांच्या वतीने मी मानतो. वैशूच्या बापाचे तर वेगळे आहेतच. समोर असतात तर हे बोललो नसतो, कारण तुम्ही म्हणाला असतात, "चला, बाजार भरला असेल."

आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, तुमच्या मय्यतीच्या दिवशीची. तुम्ही होतात, पण तुम्हाला दिसली नसेल.

तुम्हाला बोदवडला, अम्मी-अब्बांजवळ न्यायचं ठरलं होतं. पुढे तुम्हाला नेणारी गाडी, ती तुमचा मुलगा इम्रान चालवत होता. दुसऱ्या कोणाला द्यायला तो तयार नव्हता. मागे माझी पिकअप, तिच्यात अनिल आणि मोहल्ल्यातली माणसं, आणि मागे आणखी गाड्या. हायवे सोडून बोदवडच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात इम्रानची गाडी हळू झाली. चारही इंडिकेटर लागले. गाडी कडेला उतरली आणि थांबली. मला वाटलं, पोराला रडू आलं असेल. मागून हॉर्न सुरू झाले. कोणीतरी ओरडलं, मय्यतीची गाडी अशी थांबवतात का?

इम्रान खाली उतरला. पुढे रस्त्यात दगड होता. चांगला मोठा, चाकामागे लावतात तसा, आजूबाजूला सांडलेल्या ऑइलचा डाग. इम्रान तिकडे जाणार तोच थबकला आणि वळून माझ्याकडे बघत उभा राहिला. मी डॅशबोर्ड उघडला, लाल कापड घेतलं आणि मागे जाऊन उभा राहिलो. हॉर्न बंद झाले. समोरून एक कापसाची गाडी येत होती, तिलाही मी थांबवलं. मग इम्रानला खूण केली. त्याने दगड उचलला, पण तो कडेला ठेवेना. छातीशी धरून तसाच उभा राहिला. काठी टेकत अनिल खाली उतरला, त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "आण इकडे. गाडीत ठेव."

दफन झाल्यावर कबरीच्या उशाशी खूण म्हणून लावायला दगड शोधू लागले. कोणीतरी भिंतीजवळ गेलं. इम्रानने मौलानांना हळूच विचारलं, मौलानांनी मान हलवली, आणि इम्रान पिकअपमधून तो दगड घेऊन आला. त्याच्यावर ऑइलचा डाग होता. भाभींच्या ओढणीच्या त्या लाल तुकड्याने मी तो पुसला. जेवढा निघाला तेवढा.

आम्ही तो तुमच्या उशाशी पक्का बसवला. मग अनिलने पुढे होऊन काठीने ढकलून बघितला, हलतो का ते. हलला नाही. आता तो कोणाच्या वाटेत येणार नाही, रज्जाकभाई.